जंगल वाढलं का? वरून बघू, खालूनही बघू



गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. कुऱ्हाडबंदी झाली, चराई थांबवली, पाळीपाळीनं राखण केली. चार-पाच वर्षांनी ग्रामसभेत कुणीतरी विचारतंच, ‘जंगल खरंच वाढलं का?’ कुणी हो म्हणतं, कुणी नाही. पुरावा मागितला की सगळे गप्प! अशा वेळी आकाशातली नजर कामी येते. तिला दूरसंवेदन म्हणतात.

युरोपचे सेंटिनेल-2 हे उपग्रह साधारण दर 5 दिवसांनी आपल्यावरून जातात. त्यांची चित्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद जागा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तजेलदार पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्ही प्रकाशांची तुलना केली की कुठल्या गुंठ्यात हिरवाई किती, ते कळतं.

पण एक लक्षात ठेवा. आपला साग उन्हाळ्यात पानं गाळतो. नोव्हेंबरचं चित्र एप्रिलच्या चित्राशी ताडलं, तर जंगल उजाड झाल्यासारखं वाटेल. म्हणून नोव्हेंबरशी नोव्हेंबरच ताडायचा. त्या वर्षी पाऊस कसा होता, तेही बघायचं.

झाडांची उंचीसुद्धा वरून मोजता येते. 2018 मध्ये अंतराळ स्थानकावर त्यासाठी एक उपकरण पाठवलं. त्याचे लेसर किरण काही शेंड्यावरून परततात, काही जमिनीवरून. दोन्हींच्या वेळेतल्या फरकावरून उंची निघते. मात्र ते ठिकठिकाणी मोजतं, प्रत्येक झाड नाही.

आता महत्त्वाचं. घाणेरीचं रान माजलं, तरी उपग्रहाच्या चित्रात ते हिरवंच दिसतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो. वरचं छत्र हिरवंच राहतं, खाली मोहाची रोपं जळून जातात. वरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण आजचा मोह म्हातारा झाल्यावर आपल्या नातीनं वेचायचं काय?

म्हणून खालून बघणं आपलं काम. बचत गटातल्या चार-पाच जणींनी जंगलात पाच-सहा जागा ठरवा. प्रत्येक जागी दोरी धरून 10 मीटरचा चौकोन आखा, कोपऱ्यावर दगड रोवा. दरवर्षी त्याच महिन्यात तिथली मोह, चारोळी, तेंदूची रोपं मोजा. गुडघ्याएवढी किती, डोक्यावर गेलेली किती, घाणेरी किती, ते वहीत लिहा. कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलीला त्याच महिन्याचं उपग्रह-चित्र काढायला सांगा.

चित्रात हिरवाई वाढली आणि वहीत रोपंही वाढली, तर जंगल सावरतंय. हिरवाई वाढली आणि रोपं घटली, तर घाणेरी काढायची, आग थांबवायची.

2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पुढच्या ग्रामसभेला जाताना चित्र आणि वही, दोन्ही सोबत न्या. मग कुणी विचारलं, तर आपल्याला गप्प बसावं लागणार नाही.