प्लॅस्टिकला करंट!

वीकेण्डला जव्हारला गेलात की दाभोसा धबधबा, जयविलास पॅलेस, वारली पेंटिंग... लिस्ट ठरलेलीच. या वेळी मोखाड्याकडे जाताना पाड्यांवरची सोलर पॅनेल्सही बघा. काही ठिकाणी त्यांच्या जोरावर खालच्या विहिरीचं पाणी वरच्या टाकीत चढतं आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरतो. ही पॅनेल्स सिलिकॉनची. वर काच, त्यामुळे जड. जिथे गाडी पोचत नाही तिथे ती माणसांनीच वाहून न्यायची. तीच प्लॅस्टिकची असती तर? गुंडाळी करायची, काखेत मारायची नि चढायला लागायचं!

हसू नका. प्लॅस्टिक म्हणजे वायरवरचं कव्हर, ही आपली समजूत 1977 मध्येच मोडीत निघाली. जपानच्या हिदेकी शिराकावांच्या लॅबमध्ये त्याआधी एकदा चुकून हजारपट जास्त कॅटलिस्ट पडला आणि पॉलिअ‍ॅसिटिलीनची चक्क चंदेरी फिल्म तयार झाली. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांच्यासोबत त्यांनी तिला आयोडीनची वाफ दिली. वीज वाहून नेण्याची तिची ताकद एक कोटी पटीने वाढली! तिघांना 2000 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

हे होतं कसं? या प्लॅस्टिकमध्ये कार्बनच्या साखळीत एकेरी-दुहेरी बंध आळीपाळीने असतात. आयोडीन त्यातले काही इलेक्ट्रॉन पळवतं. गच्च भरलेल्या विरार लोकलमधून एकजण उतरला की कशी सरकासरकी सुरू होते? तसंच.

आज असं प्लॅस्टिक मदरबोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये असतं. मोबाइलचा ओलेड स्क्रीन त्याचाच चुलतभाऊ.

सोलरमध्येही त्याचे गुण भारी आहेत. शाईसारखं छापता येतं, ढगाळ उजेडातही बऱ्यापैकी चालतं. पण पाणी, ऑक्सिजन आणि कडक ऊन हे त्याचे दुश्मन, आणि जव्हारचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. सिलिकॉन पॅनेल पंचवीस वर्षं काढतं. प्लॅस्टिकचं अजून तेवढं टिकत नाही. हवाबंद आवरण घातलं की खर्च वाढतो. त्यामुळे पंपासाठी आज तरी मी जड सिलिकॉनच निवडेन. विहिरी तळाला गेलेल्या असताना, ऐन मे महिन्यात पॅनेल बसलं तर हलकेपणा घेऊन करायचंय काय? आश्रमशाळेतल्या पोराच्या दप्तरावर शिवलेला दिवा मात्र वेगळी गोष्ट. तो खराब झाला तर बदलता येतो, आणि तिथे पाच-दहा ग्रॅमचाही फरक पडतो.