बारा माणसांची भिंत

माझ्या आईवडिलांनी मराठी रंगभूमीवरचे एक फार गाजलेले नाटक अर्धेच पाहिले होते. पूर्वार्ध नाही, फक्त उत्तरार्ध. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती मला पाठ आहे.

अण्णा तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. नुकतेच लग्न झालेले. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा प्रयोग होता आणि दोन तिकिटे आणली होती. आई शेजारच्या वहिनींच्या सोबतीने बसने पुढे गेली. अण्णांनी पाळी संपवून परस्पर यायचे होते. पण त्यांच्या जागी येणारा रिलीव्हर त्या दिवशी आलाच नाही, आणि चालते लेथ सोडून निघण्याची सोय नव्हती. आई दोन्ही तिकिटे मुठीत धरून फाटकाशी उभी. तिसरी घंटा झाली, आतून गाण्याचा आवाज येऊ लागला. ती एकटी आत गेली नाही. अण्णा पोहोचले ते मध्यंतराला, हातांना तेलाचा वास तसाच.

आई त्या प्रसंगाबद्दल शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. अण्णा मात्र नाटकाची गोष्ट कधीच सांगत नसत. ते सांगत ती भिंत. जेवणे झाली की मला आणि माझ्या चुलतभावांना एका ओळीत उभे करीत आणि म्हणत, “आता तुम्ही माणसं न्हाई. भिंत. हलायचं, पण भिंतीवानी हलायचं.” भिंत कशी हलते ते आम्हांला कळत नसे. आम्ही हसत सुटत असू.

वाचकांपैकी ज्यांनी ते नाटक पाहिले असेल त्यांना अण्णा काय म्हणत होते ते सांगायला नको. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग केला. नाटक विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. पडदा दूर होतो तेव्हा समोर धोतर-उपरण्यातली माणसे ओळीने उभी. हीच बारा माणसे गणपतीचे भजन करतात, हीच पुण्यातले ब्राह्मण होतात, हीच बावन्नखणीत जातात आणि कीर्तनाला गेलो होतो म्हणून सांगतात. आणि त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की ती होते भिंत. तिच्या आड नाना फडणवीस काय करतो ते आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच कळते.

नेपथ्याचा खर्च वाचवण्याची ही युक्ती नव्हे. लाकडी भिंतीला दोष देता येत नाही. माणसांच्या भिंतीला देता येतो, कारण ती पाठ फिरवून उभी राहिलेली असते. कनोजहून आलेला घाशीराम आपली पोटची मुलगी देऊन कोतवाली मिळवतो आणि शेवटी लोक त्याला ठेचून मारतात, एवढी गोष्ट कोणीही लिहिली असती. इतिहासातला घाशीराम सावळदास १७९१ साली खरोखरच असा मारला गेला. पण इतका वेळ पुणे काय करीत होते, हे त्या ओळीने एक शब्द न बोलता सांगितले.

ज्यांनी हे उभे केले ती माणसे रंगभूमीवर पोट भरणारी नव्हती. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, त्यांच्याच गोटातले सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. दिवसा दवाखाना नाही तर प्रयोगशाळा, रात्री तालीम. कीर्तन, तमाशा, दशावतार, नमन-खेळे असे जे जे महाराष्ट्राने आजवर अंगणात आणि देवळात केले ते ते त्यांनी त्या ओळीत आणून सोडले. यांतले एकट्या लेखकाचे कोणते, नृत्य बसवणाराचे कोणते, गाणाराचे कोणते, हे वेगळे काढता येत नाही. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा बहुतेक मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही इकडे मोठा विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तरी ते गेले आणि पश्चिम बर्लिनमध्ये तिथल्या लोकांनी ती भिंत पाहिली. ज्या शहरात खरीच भिंत उभी होती तिथे ही माणसांची भिंत कशी दिसली असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पाश्चात्त्य देशांत अशा शरीरप्रधान नाटकाचे शिक्षण रीतसर दिले जाते. पॅरिसमध्ये जाक लकॉक यांनी १९५६ साली त्याची शाळा काढली. लंडनमध्ये १९८३ साली निघालेल्या ‘कॉम्प्लिसिते’ या मंडळीवर त्याच शाळेची छाया आहे. त्यांनी २००७ साली आपल्या रामानुजनवर एक नाटक केले, तेही सर्वांनी मिळून, तालमीत घडवत घडवत. आमच्याकडे शाळा नव्हती. पण देऊळ होते.

आता माझा गुन्हा सांगतो. पिंपरी-चिंचवडमधल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. ‘घाशीराम’ मी कितीतरी वर्षे शिकवले, आणि ते कसे? ‘घाशीरामचे स्वभावचित्र रेखाटा.’ ‘नाटकातील सूत्रधाराचे कार्य स्पष्ट करा.’ गुण दहा. भिंतीवर मी ‘लोकनाट्यातील तंत्राचा समर्पक वापर’ असे एक वाक्य फळ्यावर लिहून पुढे जात असे. ज्याला लहानपणी बापाने भिंत करून उभे केले, त्याने हे करावे!

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून रात्रपाळी करी आणि सकाळी तसाच वर्गात येऊन बसे. बहुतेक वेळ झोपलेला असे. मीही त्याला उठवत नसे. त्या दिवशी तो जागा होता. म्हणाला, “सर, भिंत वाचायची कशी?”

वर्ग हसला. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाक मागे सरकवले. आमच्या वर्गात मुली अधिक, त्यामुळे सात मुली आणि पाच मुलगे अशी बारा जणांची ओळ झाली. उपरणी म्हणून ओढण्या. मी पुस्तक हातात घेऊन समोर उभा. ओळ काही केल्या भिंत होईना. ती शाळेच्या प्रार्थनेची रांगच राहिली. तेव्हा खेड तालुक्यातल्या एका गावचा, भजनी मंडळात टाळ धरणारा मुलगा संकोचत म्हणाला, “सर, गुडघा ताठ धरलाय सगळ्यांनी. पावली अशी नसते. गुडघा सैल सोडायचा. वजन ह्या पायावरून त्या पायावर जाऊ द्यायचं, पण सगळ्यांचं एकदम. शेजारच्याकडे बघायचं नाही, त्याचा खांदा ऐकायचा.”

खांदा ऐकायचा! नाट्यशास्त्रावरची पुस्तके मी बरीच चाळली आहेत. इतके नेमके वाक्य मला कुठे आढळले नव्हते. आमच्या आकुर्डीत दरवर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. दिंडीतले टाळकरी मी लहानपणापासून पाहत आलो. पण त्यांची पावली आणि तेंडुलकरांची भिंत यांचे नाते मला त्या पोराने सांगेपर्यंत सुचले नव्हते. अर्ध्या तासात ओळ डोलू लागली. मग मी म्हटले, पाठ फिरवा. बारा पाठी माझ्याकडे झाल्या आणि खरे सांगतो, मला आपल्याच वर्गात एकटे वाटले.

त्यानंतर अभ्यासक्रम थोडा बाजूला राहिला हे कबूल करतो. थिएटर अकॅडमीची पुढची नाटकेही मुलांनी मागितली. आळेकरांच्या १९७४ सालच्या ‘महानिर्वाण’मध्ये भाऊराव नावाचा गृहस्थ मरतो आणि स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतो, मला जुन्याच स्मशानात जाळा असा हट्ट धरून बसतो. मुले पोट धरधरून हसली. चाळीचे शेजारी त्यात टाळकऱ्यांसारखे साथ देतात, ते त्यांना लगेच समजले.

मला भीती होती ती १९७९ च्या ‘बेगम बर्वे’ची. संगीत नाटकाचा वैभवकाळ ज्यांच्या आजोबांनीही पाहिला नाही, त्यांना हे काय कळणार? बर्वे हा एके काळी नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला माणूस, आता उदबत्त्या विकतो, श्यामरावाच्या लाथा खातो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. जावडेकराला बर्वे हीच आपल्या कचेरीतली नलावडेबाई वाटू लागते. लग्न होते, डोहाळे लागतात. देखावा बदलत नाही, दिवे जाऊन येत नाहीत. नाट्यपदाच्या एका ओळीवरून माणसे स्वप्नात शिरतात, आणि बाहेर कोण कसे येणार, हा सगळा प्रश्न. चंद्रकांत काळे यांनी तो बर्वे केला. नाना आणि घाशीराम यांच्याहून मला हा उदबत्तीवाला अधिक छळतो.

वाचन संपल्यावर वर्ग गप्प. मग तोच रात्रपाळीचा मुलगा म्हणाला, “सर, हे तर आमच्या रूमवर रोज चालतं.” तो कॉट बेसिसवर राहत असे, एका खोलीत सहा जण, पाळ्या वेगळ्या असल्याने खाटा तीनच. सुटीच्या दिवशी त्यांतला एक जण साहेब होतो, टॉवेल कोटासारखा खांद्यावर टाकतो आणि एकेकाला बोलावून कायम झाल्याचे पत्र देतो. पत्र म्हणजे बिस्किटाच्या पुड्याचा कागद. घेणारा पाया पडतो, गावी फोन लावल्याचे नाटक करतो. “एकदा एक जण खरंच रडला, सर. मग आम्ही दोन आठवडे ते खेळलो नाही.”

आळेकरांच्या नाटकावर मी टिपणे काढली आहेत, त्यांत हे नव्हते.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, महाविद्यालयाच्या सभागृहात आम्ही ती भिंत दाखवायचे ठरवले. नाटकाचा प्रयोग नव्हेच. संवाद जवळजवळ नाहीत, फक्त पूर्वार्धातली ओळ, पखवाज आणि पाठी. चार दिवस आधी संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. पाळी बदलली होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. सुटी मागून पाहिली का, असे मी विचारले. “मागितली तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, सर. माझ्या जागी कुणाला तरी घ्या.”

मी माणूस शोधू लागलो. टाळकरी मुलाचे म्हणणे, सरकून घेऊ, अकरांत भागेल. पण ओळीतली एक मुलगी ऐकेना. “सर, सगळे सरकले तर तो नव्हताच असं होईल. जागा राहू दे. भिंतीला फट पडेल, तर पडू दे. आतलं दिसेल.” मला ते पटायला एक रात्र लागली. चुकले तर लोक म्हणतील की यांना मोजता येत नाही.

अण्णांना मी मुद्दाम घेऊन गेलो. आता पंचाहत्तरीला आले आहेत, कानाने कमी ऐकू येते. आईला जाऊन तीन वर्षे झाली. त्यांना पहिल्या रांगेत बसवले. पखवाज सुरू झाला, ओळ आली, गणपतीला नमन झाले, बावन्नखणीची ये-जा झाली. सहाव्या जागेवर कोणी नव्हते, आणि दोन्ही बाजूंच्या मुली त्या रिकाम्या जागेचा खांदा ऐकल्यासारख्या डोलत होत्या. मग पाठी फिरल्या. फटीतून नाना झालेल्या मुलाच्या अंगरख्याची बाही दिसली, आणि त्या बाहीत धरलेला एक हात. तेवढेच. सभागृहात मागच्या बाजूला काही मुले शिट्ट्या मारत होती ती थांबली.

परतताना रिक्षात अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. चिंचवड स्टेशन मागे गेल्यावर म्हणाले, “म्हंजे सुरवात अशी हुती.”

“हो.”

“तुज्या आईला भाईरनं ऐकू आली हुती ती.” थोड्या वेळाने म्हणाले, “अकराच हुते. मी मोजले. एक कुठं गेला?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, “सेकंड शिफ्टला.”

अण्णांनी मान हलवली आणि सुटा पैसा काढायला खिशात हात घातला.