हा ‘केदारसे’ कोण?

नाही हो, केदार नावाच्या कुणा मित्राची ही गोष्ट नाही! हे एक स्पॅनिश क्रियापद आहे आणि त्यानं माझी झोप उडवली होती.

त्याचं असं झालं, पुण्यातल्या एका कंपनीची अट होती : स्पॅनिशची ‘डेले’ परीक्षा, लेव्हल बी-वन, पास करा आणि जॉइन व्हा. मग काय, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरी, माळ्यावर ऑनलाइन क्लास सुरू! ‘लावार’ म्हणजे धुणं, ‘लावारसे’ म्हणजे स्वतःचं अंग धुणं. ‘से’ लागला की काम स्वतःवर. सोप्पं! पण ‘केदार’ला ‘से’ लावला आणि गाडी अडली.

‘केदान त्रेस’ म्हणजे तिघं उरलेत. ‘से केदान त्रेस’ म्हणजे तिघं राहतायत, निघत नाहीयेत. म्हणजे ‘से’चा अर्थ दरवेळी ‘स्वतःला’ असा नसतोच, कधी तो क्रियापदाचा अर्थच बदलतो. बाकी आपलं ‘राहणं’ याचं सख्खं भावंड! ‘मे केदे मिरान्दो’ : मी बघतच राहिलो. बाई गरोदर ‘राहते’, तिथेही केदारसेच. फक्त पुढे ‘कोन’ आला, की एखादी गोष्ट स्वतःकडे ठेवून घेणं.

परीक्षा पास झालो. त्या रात्री मित्राला फोनवर म्हटलं, ‘‘मी गेलो की घरी आई अन् आजीच उरणार रे.’’ आईनं नेमकं ऐकलं.

‘‘उरते ते वरण, बापू. आमी इथं राह्यतो. मोर्णेले पूर आला तवा राह्यलो, तुह्या बाबाच्या मागं बी राह्यलो. तुले जायाचं असन त जाय. फक्त कावडीले येजो.’’

कावड म्हणजे श्रावणातला शेवटचा सोमवार. पूर्णेचं पाणी खांद्यावरून राजराजेश्वराला येतं, तेव्हा सगळं जुनं शहर रस्त्यावर असतं.

मे केदे मिरान्दो! जे मला महिनाभर कळत नव्हतं, ते आईनं स्पॅनिशचा एक शब्दही न शिकता समजावलं होतं. इतके दिवस मी तिला उगाच ‘उरलेली’ समजत होतो.

महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. ‘ईर’ म्हणजे जाणं आणि ‘ईरसे’ म्हणजे इथून निघणं. ‘मे बोय’, मी निघालो! राहणारा असो की निघणारा, ‘से’ दोघांनाही लागतो.