रेवाल बिघडते तेव्हा : चालीच्या घोड्याची निगा, खोगीर आणि स्वारी

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा येथे भरणाऱ्या यात्रेत मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचा मोठा बाजार असतो. जाणकार ग्राहक घोड्याचा रंग आणि कानांचा आकार पाहतो, दातांवरून वय ताडतो आणि अखेरीस घोडा चालवून दाखवण्यास सांगतो. स्वाराच्या हातातील भरलेला पेला हिंदकळू नये अशी जिची ख्याती, त्या रेवाल चालीला भाव ठरवताना मोठे वजन असते. असा घोडा मालक हौसेने गावी आणतो. मात्र पावसाळा सरेपर्यंत त्याच घोड्याची चाल खडबडीत झाल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. घोडा हट्टी झाला, असा निष्कर्ष काढला जातो आणि अधिक कडक लगाम आणला जातो. वस्तुतः प्रशिक्षित घोड्याची चाल अचानक बिघडली, तर स्वभावाला दोष देण्यापूर्वी वेदनेचा शोध घेणे आवश्यक असते. हा शोध खूर, पाठ, तोंड आणि त्वचा या चार ठिकाणी घ्यावा लागतो.

चालीचे गणित

दुडकी चालीत पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरकस जोडीतील पाय एकाच वेळी पडतात. दोन जोड्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो, म्हणून स्वाराला हिसका बसतो. रेवाल चालीत एकाच बाजूचा मागचा व पुढचा पाय लागोपाठ पडतो, नंतर दुसऱ्या बाजूचे पाय पडतात. चार टापांचे चार स्वतंत्र ठोके ऐकू येतात, आणि कोणता ना कोणता पाय जमिनीवर असल्याने पाठ फारशी उसळत नाही. आइसलँडिक घोड्यांवरील संशोधनातून २०१२ मध्ये डीएमआरटी३ या जनुकातील एका बदलाचा अशा प्रकारच्या चालींशी संबंध स्पष्ट झाला. पायांच्या हालचालींचा मेळ घालणाऱ्या, मज्जारज्जूतील चेतापेशींमध्ये हे जनुक कार्य करते. अशा चालीचा पाया जन्मजात असतो. शिक्षणाने ती घडते आणि वेदनेने मोडते.

चाल तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे कठीण रस्त्यावर डोळे मिटून टापा ऐकणे. चार समान ठोके हे उत्तम रेवालचे लक्षण होय. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडून दोनच ठोके ऐकू आले, किंवा एखादा ठोका लंगडा वाटला, तर त्या दिवशी स्वारी थांबवून कारण शोधावे.

खुरांपासून सुरुवात

स्वारीपूर्वी आणि स्वारीनंतर चारही खुरांचे तळवे साफ करावेत. मारवाड-काठियावाडच्या कोरड्या जमिनीवर वाढलेला घोडा पावसाळ्यात चिखल, मूत्र आणि लीद यांत उभा राहिला की तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग कुजू लागतो. काळा, दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची खूण आहे. उभे राहण्याची जागा उंच, उताराची आणि कोरडी ठेवणे हाच यावरील मुख्य उपाय आहे.

खुरांची छाटणी साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनी करावी. पाय अधिक उंच उचलला जावा म्हणून खुराचा पुढील भाग लांब ठेवण्याची किंवा जड नाल ठोकण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्यामुळे पायाच्या मागील शिरांवर ताण येतो आणि घोडा ठेचकाळतो. चालीचा दिखाऊपणा वाढवण्यासाठी दिलेली वेदना अखेरीस चालच हिरावून घेते. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्यांचे पाय मुद्दाम दुखावून चाल उंचावण्याचा प्रकार इतका बोकाळला होता, की तो रोखण्यासाठी १९७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

खोगीर : पाठीवरील खुणा वाचाव्यात

मारवाडी घोड्याच्या खांद्यांमधील, मानेच्या बुडाशी असणारा उंचवटा ठळक असतो. रुंद, सपाट खोगीर त्यावर टेकते आणि कातडी सोलवटते. स्वार बसल्यानंतरही या उंचवट्यावर दोन-तीन बोटे मोकळी जागा राहिली पाहिजे. पाठीच्या कण्यावर कोठेही भार येता कामा नये. खोगीर खांद्याच्या फऱ्यावर चढले तर पुढच्या पायाची झेप आखडते. रेवाल चालीत खांद्याची मोकळी हालचाल महत्त्वाची असल्याने खोगीर फऱ्याच्या मागेच बसवावे.

अर्ध्या तासाच्या स्वारीनंतर खोगीर उतरवून घामाचा ठसा पाहावा. ओल सर्वत्र सारखी असावी. ओल्या भागात एखादा कोरडा डाग दिसला, तर त्या जागी जास्त दाब पडत असल्याची शंका घ्यावी. पाठीवर पांढऱ्या केसांचे पुंजके असतील, तर ती बहुधा जुन्या जखमेची खूण असते. घोडा विकत घेतानाही खोगीर उतरवून पाठ पाहणे इष्ट. जास्त जाड गादी घातल्याने न बसणारे खोगीर बसू लागत नाही. उलट ते अधिक आवळते. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. ३५० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ७० किलो होते.

लगाम आणि स्वारी

डोके उंच धरले की रेवाल लागते, या समजुतीने लगाम सतत खेचला जातो. डोके वर जाते, पाठ खाली दबते, मागचे पाय पोटाखाली येत नाहीत आणि चार ठोक्यांचे दोन होतात. मग स्वार आणखी खेचतो. हे दुष्टचक्र मोडण्यासाठी काही दिवस सैल लगामावर केवळ कदमचाल करावी. सौम्य चढावर चालवणे आणि जमिनीवर अंतराने ठेवलेल्या बांबूंवरून सावकाश नेणे, यांमुळे घोडा प्रत्येक पाय स्वतंत्रपणे टाकू लागतो. रेवालचा सराव थोड्या अंतरापुरता ठेवावा आणि ठोके बिघडण्यापूर्वीच थांबवावा. दातांच्या धारदार कडा गालात रुतत असल्यास घोडा मान झटकतो. म्हणून वर्षातून एकदा दातांची तपासणी करून घ्यावी.

काटेरी लगाम हा उपाय नव्हे. ओढकाम व भारवाहू जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या क्रूरता प्रतिबंधक नियमांनुसार स्वारीसाठीही काटे किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास मनाई आहे.

माश्या, चिलटे आणि गोचीड

चाल बिघडण्याच्या कारणांमध्ये कीटकांचा विचार सहसा होत नाही. तबेल्यातील चावरी माशी, म्हणजे स्टोमोक्सिस, प्रामुख्याने पायांवर बसून रक्त शोषते. घोडा दिवसभर पाय आपटतो. नालांचे खिळे सैल होतात, खुरांच्या कडा तुटतात. या माशीच्या अळ्या लीद-मूत्राने भिजलेल्या, कुजणाऱ्या पेंढ्यात वाढतात. उष्ण हवामानात तिचे जीवनचक्र दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. ओला पेंढा व लीद रोज उचलून दूर नेल्यास हे चक्र तुटते. केवळ फवारणीने ते तुटत नाही.

घरमाशी आणि चावरी माशी हॅब्रोनेमा या कृमीच्या अळ्या उघड्या जखमेवर सोडतात. अशी जखम पावसाळ्यात चिघळते, तिच्यावर मांस वाढते आणि साध्या मलमाने ती भरत नाही. खोगिराची किरकोळ सोलवट महिनोन्‌महिने बरी न होण्यामागे हे कारण असू शकते. म्हणून जखम झाकावी आणि ती भरेपर्यंत खोगीर चढवू नये.

दिवसा चावणारी मोठी घोडमाशी सर्रा रोगाचा प्रसार करते. तिच्या मुखावयवांना लागलेल्या रक्तातून ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात जातो. गाई-म्हशींमध्ये ठळक लक्षणे नसतानाही तो असू शकतो. घोड्यात ताप येतो-जातो, वजन घटते, पोटाखाली व पायांवर सूज येते आणि मागचा भाग डुलू लागतो. मागचा भाग डुलणारा घोडा आळशी नसून आजारी असू शकतो. घोड्याचे सामान्य तापमान साधारणतः ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. एका दिवशी ताप नसल्याने सर्रा नाही असे ठरत नाही. रोज नोंद ठेवून ताप असलेल्या दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

सायंकाळी व पहाटे चावणारी क्युलिकॉइडिस चिलटे दुबळी उडतात. बारीक जाळी आणि पंखा यांनी त्यांना बऱ्याच अंशी रोखता येते. गोचीड आयाळीत, कानांत, शेपटीखाली आणि मांड्यांच्या आत शोधून काढावेत.

गुरांचे औषध घोड्याला नको

गोचीडनाशक म्हणून गुरांवर सर्रास वापरले जाणारे अमिट्राझ घोड्यावर वापरू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. तसेच मोनेन्सिन मिसळलेले कोंबड्यांचे किंवा गुरांचे खाद्य घोड्यास घातक ठरते. एकाच गोठ्यात गाई व घोडा असणाऱ्या शेतकऱ्यांना विस्तार कार्यकर्त्यांनी ही सूचना आवर्जून द्यावी. घोड्यासाठीचे औषध व मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

रोजची दहा मिनिटे

सकाळी खरारा करताना हात पाठीवरून, तंगाच्या जागेवरून आणि चारही पायांवरून फिरवावा. गरम भाग, सूज, सोलवट वा गोचीड हाताला लगेच कळतात. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर अंडी दिसली, तर ती पोटात वाढणाऱ्या बॉट माशीची असतात. ती खरवडून काढावीत. खूर साफ करावेत, तापमान लिहावे, कठीण जमिनीवर काही पावले चालवून ठोके ऐकावेत. आहारात अचानक बदल करू नये. स्वच्छ पाणी व मीठ नेहमी उपलब्ध असावे. शंका आल्यास स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. रोगनिदानाची सोय हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे.

बाजारात किंमत मोजून रेवाल विकत घेता येते. ती टिकते मात्र कोरड्या जागेवर, नीट बसलेल्या खोगिराखाली आणि हलक्या हातात. ठोका चुकला की प्रथम घोड्याची पाठ पाहावी, लगामाचा विचार त्यानंतर करावा.