हजेरी आणि सहभाग

गणेशोत्सव पार पडला की कार्यकारिणीच्या हाती दोन आकडे येतात: किती कुटुंबं आली आणि जेवणाला किती पानं झाली. दोन्ही आकडे वाढलेले असले की आम्ही स्वयंसेवक समाधानाने खुर्च्या आवरायला लागतो. पण या आकड्यांत न येणारी काही माणसं आपल्याच घरांत आहेत. कुणाचे सासरे पक्षाघातानंतर काठीशिवाय चालू शकत नाहीत. कुणाच्या मुलाला ऑटिझम आहे. ढोल वाजू लागला की तो कान घट्ट दाबून धरतो, म्हणून आई कार्यक्रमाला आली की बाबा घरी थांबतात आणि बाबा आले की आई. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "त्याला गर्दी सोसत नाही."

गंमत अशी की ओहेअर विमानतळावर भारतातून आलेले आई-बाबा चाकाच्या खुर्चीतून बाहेर येतात, तेव्हा आपल्यापैकी कुणालाच संकोच वाटत नाही. तिथे ती सोय असते. तीच खुर्ची मंडळाच्या दाराशी न्यायची म्हटलं, की तो घरातला खासगी विषय होतो. माणूस तोच, खुर्चीही तीच. बदलते ती जागा आणि आजूबाजूच्यांची नजर.

पुनर्वसनाचं शास्त्रही आता हेच सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाकडे पाहण्याची नवी चौकट स्वीकारली. शरीरात काय बिघडलं एवढंच त्यात पाहत नाहीत. माणूस रोजची कामं कितपत करतो, चारचौघांत त्याचा सहभाग किती, आणि भोवतालची परिस्थिती त्याला हात देते की अडवते, हेही पाहतात.

हा सहभाग मोजायचा कसा? आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे. काय मोजायचं हे ठरल्याशिवाय उपकरणाला हात लावू नये, हा आमच्याकडचा पहिला धडा. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या जॉय हॅमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ६३ अपंग व्यक्तींनाच विचारलं, की तुमच्या मते सहभाग म्हणजे काय? या मंडळींना सर्वांसाठी एकच आदर्श मान्य नव्हता. निवड आपल्या हाती असावी, मनापासून गुंतता यावं, जाण्या-येण्याची सोय असावी, माणसं जोडली जावीत, आपल्यावरही जबाबदारी असावी आणि आपलाही कुणाला उपयोग व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

यातली शेवटची दोन उत्तरं आपल्यासाठी महत्त्वाची. "आजी, तुम्ही बसा, ताट आम्ही आणून देतो," असं आपण प्रेमानेच म्हणतो. पण संध्याकाळभर त्या आजींकडे कुणी काही मागत नाही. त्यांची हजेरी लागते, सहभाग होत नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमादीदींनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. राहण्याची आणि शिक्षणाची सोय करून त्या थांबल्या नाहीत. सिंधुदुर्गातल्या 'स्वप्ननगरी'त अपंगांसाठी काजू प्रक्रियेचा उद्योगही उभा राहिला. नुसती मदत नको, हाताला काम हवं, हाच त्यामागचा विचार.

सोयींचा प्रश्न इथे त्या मानाने सोपा आहे. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टमुळे उतार, रुंद दारं, सोयीची स्वच्छतागृहं यांचे नियम ठरले. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे तीन फूट उंच रंगमंचावर खुर्ची न्यायला छत्तीस फूट लांब उतार लागेल! त्यापेक्षा बक्षीस समारंभ खाली, सर्वांच्या पातळीवर का करू नये? मुलांच्या बाबतीत, आपलं पार्क डिस्ट्रिक्ट ज्या वेस्टर्न डुपेज स्पेशल रिक्रिएशन असोसिएशनचं सभासद आहे, ती संस्था १९७६ पासून विशेष गरजा असलेल्यांसाठी खेळ आणि छंदांचे कार्यक्रम चालवते. पालकांनी जरूर चौकशी करावी.

येत्या गणेशोत्सवाच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवावेत, असं आम्ही सुचवतो. पहिला: आपल्या घरी कुणाला काही सोय लागेल का? दाराजवळची जागा, आरतीच्या वेळी खुर्ची, मोठ्या अक्षरांतली आरती, गोंगाटापासून दूर एखादी शांत खोली. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: त्यांना कोणतं काम करायला आवडेल? नावनोंदणीच्या टेबलावर बसून बिल्ले देता येतात, दूर्वा निवडता येतात, मुलांना गोष्ट सांगता येते, हिशेब तपासता येतो. गर्दी नको असलेला मुलगा आदल्या दिवशी, हॉल शांत असताना, मखर सजवायला येऊ शकतो. काम कोणतं ते मात्र त्यांनी ठरवावं, आपण वाटून देऊ नये.

फॉर्मवर लिहायला संकोच वाटत असेल, तर कुठल्याही स्वयंसेवकाला फोनवर सांगितलं तरी चालेल; गोष्ट त्याच्यापाशीच राहील. आणि आपल्या शेजारचं एखादं कुटुंब बरेच दिवसांत दिसलं नसेल, तर "का येत नाही?" असं विचारण्याऐवजी "आम्हाला अमुक कामात तुमची मदत हवी आहे," एवढं म्हणून पाहावं.