मुलग्यांच्या खोड्या व शिक्षकांची दृष्टी

जून महिन्यात शाळा उघडते आणि पहिलीच्या वर्गात नवे मुलगे दाखल होतात. त्यांना पोहोचवावयास आलेले वडील बहुधा एवढेच सांगून जातात, "गुरुजी, पोरगं लई वांड आहे, हात राखू नका." आईची तक्रार थोडी निराळी असते. मुलगा घटकाभर एका जागी बसत नाही, नवी सदरा-चड्डी दोन दिवस टिकत नाही, आणि दुकानातून गूळ आणावयास पाठविला तर येताना निम्मा गूळ वाटेतच संपतो. या तक्रारी नव्या नाहीत. ज्यांनी त्या आज केल्या, त्यांच्याविषयीही त्यांच्या बालपणी त्याच केल्या जात असत.

या खोड्यांना हसून सोडून देणारे पालक आहेत, तसेच त्यासाठी मारणारेही आहेत. परंतु खोडीचा अर्थ लावण्याचे काम फारसे कोणी करीत नाही, आणि शिक्षकाचे खरे काम तेथेच सुरू होते. सहा ते आठ वर्षांच्या मुलग्याची खोडी हा पुष्कळदा त्याने हातांनी विचारलेला प्रश्न असतो. त्या प्रश्नाला छडीने उत्तर मिळाले, तर मुलगा प्रश्न विचारणे थांबवितो किंवा लपून विचारू लागतो. दोन्हींत शाळेचे नुकसान आहे.

चुळबुळ

पहिलीतला मुलगा तासभर मांडी घालून बसत नाही, यात नवल नाही. या वयात धावणे, चढणे, उड्या मारणे या हालचालींनी शरीराचा तोल व स्नायूंवरील ताबा तयार होत असतो. बोटांची नाजूक हालचाल मात्र हळूहळू साधते. सरासरीने पाहता मुलगे या बाबतीत त्याच वयाच्या मुलींपेक्षा थोडे मागे असतात व त्यांची धडपडही अधिक असते. अर्थात हा सरासरीचा हिशेब झाला. मुलग्यांमुलग्यांतच एवढा फरक असतो, की एक जण पाटीवर सुबक अक्षर काढीत असता शेजारच्याचा 'क' फळ्याच्या दिशेने धावू लागलेला दिसतो. त्या दुसऱ्याची तुलना पहिल्याशी किंवा त्याच्या बहिणीशी करून त्याचे अक्षर सुधारत नाही. त्याला मातीत बोटाने, फरशीवर खडूने मोठी अक्षरे गिरविण्यास दिल्यास हात लवकर वळतो.

म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या बैठ्या कामानंतर उठून करावयाचे एखादे काम द्यावे. चुळबुळ्या मुलग्यास खडू आणावयास, फळा पुसावयास, पाटांची मोजणी करावयास पाठवावे. तो येताना वाटेतील मुंगळ्यांची रांग पाहात थोडा थांबेल, हे गृहीत धरावे. परत आल्यावर "इतका वेळ कोठे होतास?" याऐवजी "काय पाहिलेस?" असे विचारले, तर परिसर अभ्यासाचा एक पाठ फुकट मिळतो.

खिशातील वस्तुसंग्रह

लहान मुलग्याचा खिसा हे एक संग्रहालय असते. चिंचोके, गोट्या, बाटलीचे झाकण, दोऱ्याचा गुंता, मोडकी पेन्सिल, क्वचित काडेपेटीत कोंडलेला एखादा भुंगा. आई ते सारे कचरा म्हणून फेकून देते आणि मुलगा आकांत करतो. वास्तविक मोजणी, वर्गीकरण, लहानमोठेपणा व अदलाबदल यांचे पहिले साहित्य तेच होय. चिंचोक्यांनी बेरीज-वजाबाकी शिकविणाऱ्या शिक्षकास हे निराळे सांगावयास नको.

तीच गोष्ट पेरलेल्या बीची. वर्गात वाटाणा किंवा मूग पेरला, की एखादा मुलगा रोज माती उकरून तो उगवला काय ते पाहतो, आणि अर्थातच तो कधीच उगवत नाही. इतरांची रोपे वर आली म्हणजे तो रडकुंडीस येतो. येथे रागावण्याचे कारण नाही. त्याला काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर चार दाणे ठेवून द्यावेत. उकरल्यावाचून मोड पाहावयास मिळाला, म्हणजे खोडीही जाते आणि बीजाचे अंकुरण कसे होते हेही कळते.

मुलांना असे करून पाहू देणारी शाळा आपल्याकडे नवी नाही. गिजुभाई बधेका यांनी गुजरातेत भावनगर येथे बालशिक्षणाचे प्रयोग केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षण केंद्र काढले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या आदिवासी वस्तीपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांच्या अंगणवाडीचा विचार होता. शंख, शिंपले, बिया, पाने ही त्या शाळेची साधने होती. आईने फेकून दिलेला खिसा तेथे पाठ्यसाहित्य ठरला असता.

फुटलेले भांडे आणि खोटे बोलणे

मुलग्यांविषयीची सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे ते खोटे बोलतात. गृहपाठाची वही म्हशीने खाल्ली, शाईची बाटली वाऱ्याने पडली, भावाने ढकलले म्हणून पाटी फुटली. यांतील पहिली सबब तर प्रत्येक गावात प्रत्येक वर्षी कोणी तरी देतोच. आणि एखाद्या वर्षी ती खरी निघते, हेही शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

या संबंधात जिनिव्हा येथील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास उपयोगी आहे. त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाने जेवावयास जाताना दार उघडले. दारामागे कपांचे तबक होते हे त्याला ठाऊक नव्हते. दार लागून पंधरा कप फुटले. दुसऱ्या मुलाने आई घरात नाही असे पाहून फडताळातील मुरंबा चोरून काढावयाचा प्रयत्न केला आणि त्या खटपटीत एक कप फुटला. अधिक वाईट कोण? लहान मुलांपैकी पुष्कळांनी पंधरा कप फोडणारा अधिक वाईट ठरविला. मोठ्या मुलांनी मात्र हेतू पाहिला व चोरून खाणाऱ्यास दोष दिला.

म्हणजे लहान मूल अपराध नुकसानीच्या मापाने मोजते. हेतू पाहण्याची दृष्टी वयाबरोबर व मोठ्यांच्या वागण्यावरून येते. आता आपल्या घरांत काय घडते ते पाहावे. पाणी भरावयास मदत करू गेलेल्या मुलग्याच्या हातून कळशी पडून चेपली, तर त्याला धपाटा बसतो. बहिणीच्या वाटणीचा लाडू गुपचूप खाल्ला, तर "लबाड आहे" म्हणून घरचे कौतुकाने हसतात. यावरून मुलगा एवढेच शिकतो, की मदत करणे धोक्याचे आणि लबाडी सुरक्षित. पुढच्या वेळी कळशी पडली, तर तो मांजराचे नाव सांगेल. ते खोटे त्याला आपणच शिकविलेले असते.

यावर उपाय सोपा आहे, परंतु तो नित्य पाळावा लागतो. काही मोडले, सांडले, फुटले, तर शिक्षकाने प्रथम विचारावे, "काय करावयाचे मनात होते?" खरे सांगणाऱ्यास शिक्षा करू नये. मात्र सांडलेले त्यानेच पुसावे, फाटलेले त्यानेच चिकटवावे. भरपाई केल्याने जबाबदारी कळते. मारामुळे फक्त पकडले न जाण्याची युक्ती कळते.

गोट्यांवरून भांडण

मधल्या सुट्टीत मुलग्यांचा खेळ कमी आणि तंटा अधिक, असे पुष्कळ शिक्षकांस वाटते. रेषेवर पाय पडला की नाही, गोटी हलली की नाही, यावर अर्धी सुट्टी जाते. हा वेळ वाया गेला असे समजू नये. पियाजे यांचा उपर्युक्त ग्रंथ मुलग्यांच्या गोट्यांच्या खेळापासूनच सुरू होतो. त्यांना असे आढळले, की अगदी लहान मुले नियम हे वडीलधाऱ्यांकडून आलेले व न बदलणारे मानतात, आणि तरीही प्रत्येक जण आपापल्या परीने खेळत असतो. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मात्र मुलांना उमगते, की नियम सर्वांच्या संमतीने होतात आणि संमतीने बदलता येतात.

ही समज नागरिकशास्त्राच्या धड्यातून येण्यापूर्वी मातीत काढलेल्या वर्तुळाशेजारी येते. म्हणून प्रत्येक तंट्यात शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये. खेळापूर्वी नियम ठरवून घ्यावेत व खेळणाऱ्यांकडूनच मोठ्याने वदवावेत. हातघाई झाली किंवा दुबळ्यावर अन्याय होऊ लागला, तर मात्र तत्काळ मध्ये पडावे. चार जणांनी एकाला रोज वेगळे पाडणे ही खोडी नव्हे. ते जाच देणे आहे, आणि दोन्हींतील भेद शिक्षकास ओळखता आलाच पाहिजे.

खोडी नसलेल्या खोड्या

काही गोष्टी खोड्यांसारख्या दिसतात, पण त्यांचे कारण शरीरात असते. एखादा मुलगा पाने तपकिरी रंगवितो आणि झाडाचे खोड हिरवे. सारा वर्ग हसतो, आणि त्याला वाटते आपण काही मोठा गुन्हा केला. त्यास कदाचित तांबडा व हिरवा रंग नीट वेगळा दिसतच नसेल. या प्रकारचे रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळच अधिक आढळते. त्याचे मूळ एक्स गुणसूत्रात आहे. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असल्याने एकातील उणीव दुसरे भरून काढू शकते. मुलग्याला एकच असल्याने तशी सोय नसते. अशा मुलग्याच्या रंगकांड्यांवर रंगांची नावे लिहून द्यावीत आणि पालकांना नेत्रतपासणीचा सल्ला द्यावा.

हाक मारूनही न ऐकणारा मुलगा उद्धटच असेल असे नाही. कान वाहात असल्यामुळे त्याला कमी ऐकू येत असेल. बोलताना अडखळणे आणि रात्री अंथरूण ओले होणे हेही मुलग्यांत अधिक आढळते. पाच वर्षांच्या सुमारे १०० मुलांपैकी १५ मुलांचे अंथरूण रात्री ओले होते, आणि बहुतेकांचे ते वाढत्या वयाबरोबर थांबते. ते आळसाने घडत नाही व मारल्याने थांबत नाही. अशा मुलग्यास वर्गात टोपणनाव पडू देणे हा मात्र मोठ्यांचा अपराध होय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत तपासणीस येणाऱ्या वैद्यकीय पथकास अशा मुलांची नावे खाजगीत, आधीच कळवून ठेवावीत.

"मुलगा असून रडतोस?"

घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य वरवर साधे आहे. गुडघा फुटला, आजी वारली, बैल विकला गेला, काहीही होवो, मुलग्याने रडू नये असा दंडक असतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. त्या पुस्तकातला श्याम ठायी ठायी रडतो, आणि वाचणारे वडीलही डोळे पुसतात. मात्र पुस्तक मिटल्यावर तेच वडील स्वतःच्या मुलग्यास रडू देत नाहीत. रडण्यास बंदी झालेल्या मुलग्याजवळ दुःख सांगण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे राग. शाळेतील पुष्कळ मारामाऱ्यांचा उगम येथे असतो.

याचीच दुसरी बाजू घरकामाची आहे. मुलगी आठ वर्षांची होते तोच झाडू घेते. तिचा भाऊ जेवून ताट तेथेच टाकून उठतो, आणि "त्याचे ते काम नव्हे" असे त्याला सांगितले जाते. हा लाड दिसतो खरा, परंतु अशा मुलग्यास परगावी शिकावयास गेल्यावर स्वतःचा सदराही धुता येत नाही, आणि बहिणीच्या श्रमाची किंमत त्यास जन्मभर कळत नाही. शाळेत झाडणे, पाणी भरणे, दुपारच्या भोजनानंतर ताटे घासणे ही कामे मुलगे व मुली यांना पाळीपाळीने सारखी द्यावीत. पालकसभेत या विषयाचा उपदेश करण्यापेक्षा, मुलग्यांनी स्वच्छ केलेले पटांगण पालकांना दाखवावे.

शिक्षा व कायदा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत बालकास शारीरिक शिक्षा देणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई आहे. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. "हात राखू नका" असे पालकांनी सांगितले, तरी त्या परवानगीस काही अर्थ नाही. तथापि कायद्याच्या भीतीने छडी कोपऱ्यात ठेवणारा शिक्षक जिभेने तेच काम करू लागला, तर मुलग्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. "दगड", "ठोंब्या" ही विशेषणे छडीइतकीच लागतात, आणि त्यांचे वळ दिसत नाहीत.

मार खाणारा मुलगा प्रथम खोटे बोलतो, मग शाळा चुकवितो, आणि अखेर गुरांमागे किंवा वीटभट्टीवर दिसू लागतो. पटावरून त्याचे नाव निघण्यापूर्वी त्याच्या मनातून शाळा निघून गेलेली असते. त्या वाटेच्या प्रारंभी बहुधा एखादी क्षुल्लक खोडीच असते. ती ज्या दिवशी घडली, त्या दिवशी कोणी तरी "तुझ्या मनात काय होते?" असे विचारावयास हवे होते. पालकांना शेतीच्या व संसाराच्या ओढीत तेवढी सवड नसते. शिक्षकाने मात्र ती काढावी. उत्तर ऐकून पुष्कळदा हसू येईल. ते मुलग्यासमोर मोकळेपणाने हसावे, आणि मग पुसावयाचे फडके त्याच्या हाती द्यावे.