घटस्फोट आणि घराचे कर्ज : हप्ता कोणाच्या मिळकतीतून?

पुणे-लोणावळा लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या मावळ तालुक्याचे रूप गेल्या काही दशकांत पालटले आहे. तळेगाव दाभाडे येथील औद्योगिक वसाहत, पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या गावांतून सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. नोकरदार कुटुंबे असे घर बहुधा पतिपत्नी दोघांच्या पगारावर कर्ज काढून घेतात. संसार सुरळीत चालला असता हप्ता जाणवत नाही. विवाह मोडण्याची वेळ आली की ‘घर कोणाला?’ हा प्रश्न प्रथम उभा राहतो. वास्तविक त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : या घराचा हप्ता एकट्याच्या मिळकतीतून फेडता येईल काय?

हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नाही

न्यायालयाच्या हुकूमनाम्याने विवाह संपुष्टात येतो. कर्जाचा करार मात्र तसाच राहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार संयुक्त कर्जदारांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागण्याचा धनकोला अधिकार आहे. ‘यापुढे हप्ते पतीने भरावेत’ असे तडजोडपत्रात लिहिले, तरी त्या कलमाने पत्नी बँकेच्या दृष्टीने मुक्त होत नाही. नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या प्रतिभूतिकरण कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मुलांसह घरात राहणाऱ्या मातेच्या हाती अशी नोटीस पडावी आणि हप्ते थकविणारा दुसराच असावा, हा प्रसंग टाळण्याचा मार्ग तडजोडीच्या आधीच शोधावा लागतो.

मालकी, वास्तव्य आणि पोटगी

विवाहानंतर मिळविलेली सर्व मालमत्ता पतिपत्नींची समाईक मानण्याची पद्धत गोव्याच्या नागरी कायद्यात आहे. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. येथे दस्त कोणाच्या नावे आहे व पैसा कोणी घातला, यांवर मालकी ठरते. ‘निम्मे घर आपोआप मिळते’ ही समजूत म्हणूनच बरोबर नव्हे. तथापि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ ने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ नुसार कायम पोटगीच्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्या पक्षाच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो. मात्र बँकेचा बोजा आधीचा असल्यास विक्रीच्या रकमेतून प्रथम बँकेचे देणे भागते.

आकडेमोडीचे एक उदाहरण

उदाहरणादाखल तळेगावातील एक सदनिका घेऊ. तिची आजची किंमत ३६ लाख रुपये, शिल्लक कर्ज २० लाख, व्याजदर ९ टक्के आणि मुदत १५ वर्षे उरलेली आहे. मासिक हप्ता सुमारे २०,२८५ रुपये होतो. पतीचे हाती येणारे वेतन ३२,००० आणि पत्नीचे २४,००० आहे. दोघांच्या मिळून ५६,००० रुपयांतून हप्त्याला जेमतेम ३६ टक्के लागत होते. विभक्त झाल्यावर हाच हप्ता पतीच्या वेतनाच्या ६३ टक्के, तर पत्नीच्या वेतनाच्या ८५ टक्क्यांच्या घरात जातो.

हप्ता वेतनाच्या ४० टक्क्यांच्या आत राहावा, हे सावध प्रमाण धरू. पत्नीला दरमहा ९,६०० रुपये झेपतील. वीस वर्षांच्या मुदतीत लाखामागे हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. म्हणजे तिला साडेदहा लाखांपर्यंतचे कर्ज पेलेल. पतीची मर्यादा सुमारे चौदा लाख येते, आणि त्याला पोटगी द्यावयाची असल्यास ती आणखी खाली उतरते. वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांवर नेले तरी हप्ता सुमारे १८,००० रुपये राहतो आणि एकूण परतफेड साडेसहा लाखांहून अधिक वाढते. शिवाय घर ठेवणाऱ्याने दुसऱ्याचा वाटा द्यावयाचा आहेच.

या कुटुंबापुढे विक्रीचा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. कर्ज फेडून १६ लाख उरतात. दोघांचा वाटा समान असल्यास खर्च वजा जाता प्रत्येकी आठ लाखांच्या आसपास मिळतात. त्यांत साडेदहा लाखांचे कर्ज मिळवून पत्नीला लहान घराचा विचार करता येईल.

लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळी खोल्या भाड्याने देऊन किंवा हंगामी व्यवसायातून मिळणारी कमाई पावसाळ्यात व सुट्ट्यांत वाढते, एरवी ओसरते. अशा वेळी भरगच्च महिन्याचा आकडा न धरता वर्षाची सरासरी धरावी. कागदोपत्री नसलेली कमाई बँक सहसा विचारात घेत नाही.

सहा महिन्यांचा सदुपयोग

परस्परसंमतीच्या घटस्फोटात कलम १३-ब नुसार अर्जानंतर सहा महिन्यांचा अवधी असतो. योग्य प्रकरणी न्यायालय तो माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. या अवधीत पुढील कामे उरकावीत :

१. शिल्लक कर्जाचा दाखला व घराचे मूल्यांकन घ्यावे.

२. घर ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या नावे कर्ज करण्यास बँकेची लेखी संमती मिळवावी. ती न मिळाल्यास विक्रीचा पर्याय तडजोडपत्रातच मुदतीसह नमूद करावा.

३. निकाल लागेपर्यंत हप्ता कोणी भरावा, हे लिहून ठेवावे. हप्ता चुकल्यास दोघांचीही पत घसरते.

४. हक्कसोड, बक्षीसपत्र की खरेदीखत, याबाबत दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारणा करावी. दस्ताच्या प्रकारानुसार मुद्रांक शुल्क बदलते.

पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सादर करावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात २०२० मध्ये घालून दिला. हप्त्याची झेप मोजण्यास हेच कागद उपयोगी पडतात.

गावपातळीवरील जबाबदारी

घरगुती कलहात सल्ल्यासाठी लोक सरपंच, सदस्य व शिक्षकांकडे येतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद कर-आकारणीपुरती असते. तेथे नाव बदलल्याने मालकी बदलत नाही व कर्जही सुटत नाही, हे त्यांनी समजावून सांगावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. मावळातील गरजू स्त्रियांना त्यासाठी वडगाव येथील न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. भावनेच्या भरात घर मागून घेणे सोपे असते. ते टिकविण्यासाठी दरमहाचा हप्ता भरावा लागतो. सहीपूर्वी केलेला तासाभराचा हिशेब पुढील पंधरा वर्षांची विवंचना वाचवू शकतो.